नसलेल्या गल्लीची चोरी

१

नकाशा कधीही खोटं बोलत नाही.

न्यू जर्सीत पार्सिपनीच्या पेंब्रिज मॅप कंपनीच्या लॉबीत हे वाक्य पितळी अक्षरांत लावलेलं होतं. त्याच्या वर मध्ययुगातल्या एका जगाच्या नकाशाची भलीमोठी प्रतिकृती होती. वाटोळं जग, पूर्व वरच्या अंगाला, मधोमध जेरुसलेम, आणि काठावर, जिथून पुढचं चित्रकाराला काहीच ठाऊक नव्हतं तिथे, छातीत तोंड असलेली माणसं. गिऱ्हाइकाने आधी नकाशा पाहावा, मग वाक्य वाचावं आणि दोन्हींची सांगड आपली आपण घालावी.

आतल्या दालनात हीच कंपनी दर वर्षी आपल्या नकाशात काही रस्ते मुद्दाम खोटे घालत असे. एखादी आखूड गल्ली, जिथे कुणी जाणार नाही अशा जागी, नाव अगदी घरंदाज. दुसऱ्या कुणी आपला नकाशा उचलला, तर त्याच्याबरोबर ती गल्लीही जाते आणि चोर सापडतो. या धंद्यात त्याला लबाडी म्हणत नाहीत, खबरदारी म्हणतात.

मालक ग्लेन पेंब्रिजला एक सवय होती. प्रतिस्पर्ध्याचं गाडीत लावायचं, रस्ता सांगणारं यंत्र हाती आलं, की तो आपल्या खोट्या रस्त्यांची नावं एकेक करून त्यात घालून पाहायचा. यंत्र म्हणायचं, सापडत नाही. ग्लेन दर वेळी थोडासा हिरमुसायचा. २००४ च्या ऑक्टोबरात एका सोमवारी त्याने भाड्याच्या गाडीत राइटटर्न कंपनीच्या यंत्रावर 'वेदर्बी लेन' टाकलं, आणि यंत्र प्रसन्न बाईच्या आवाजात म्हणालं, मार्ग सापडला.

तासाभरात श्रीरंग त्याच्या केबिनमध्ये उभा होता.

"दार लाव," ग्लेन म्हणाला.

श्रीरंग क्वालिटी विभागाचा प्रमुख. वय सत्तेचाळीस, मूळचा नागपूरचा, मधली काही वर्षं मिशिगनमध्ये नोव्हायला मोटारींच्या कंपनीत काढून इथे आलेला. 'दार लाव' ऐकलं की त्याच्या छातीत जळजळायला लागायचं. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं तेव्हा त्याला वाटलं होतं, आता भीती जाईल. भीती गेली नाही; तिलाही कायमचं वास्तव्य मिळालं.

"वेदर्बी लेन कुठे आहे हे चौघांना माहीत," ग्लेन म्हणाला. "मोने ती काढली. हिमानीने डेटाबेसमध्ये घातली. कुशला माहीत, कारण विकताना त्याने तिथे बोट ठेवू नये. आणि तुला माहीत, कारण नाहीतर तुझी माणसं चूक समजून ती पुसतील. तुला मी सोडतो, कारण तपास कुणीतरी करायला हवा."

मो म्हणजे मोहनकाका. अमेरिकेत पस्तीस वर्षं राहून त्यांच्या नावातलं एक अक्षर शिल्लक होतं.

"वकील फ्लोरिडात मासे धरायला गेलेत. शुक्रवारी परत येतील. तेव्हा मला नाव हवंय." ग्लेनने समोरची एक फाइल बोटाने सरळ केली. "हिमानीच्या व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद. माझ्या सहीसाठी आलेत. मागच्या महिन्यात ती राइटटर्नच्या एका माणसाबरोबर जेवत होती. कुशने पाहिलं. तेव्हा एक नाव माझ्याकडे आहेच. तुला दुसरं सापडलं तर सांग."

सही नाही म्हणजे नोकरी नाही, नोकरी नाही म्हणजे व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे बॅगा. हिमानीला नोकरीवर श्रीरंगने घेतलं होतं. तो दार उघडून बाहेर आला आणि तिच्या टेबलाकडे न बघता पुढे गेला. बघितलं असतं तर तिला कळलं असतं. बघितलं नाही, त्यामुळे लगेच कळलं.

२

ती पार्किंगमध्ये त्याच्या गाडीशी उभी होती.

"मला काढतायत का?"

ऑफिसच्या दाराआड ती त्याला श्रीरंग म्हणायची, दाराबाहेर काका. पार्किंगचं दोघांत नीट ठरलेलं नव्हतं, म्हणून तिने काहीच म्हटलं नाही.

"राइटटर्नच्या माणसाबरोबर जेवलीस?"

"यतीनबरोबर? जेवले. इडली खाल्ली. इडली खाणं इल्लीगल आहे का?"

"हिमानी."

"पेन्सिल्व्हेनियात शिकताना, स्टेट कॉलेज गावात, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा तो. त्याच्याकडे कुकर होता, आमच्याकडे डाळ. दोन वर्षं आम्ही त्या कुकरवर काढली. आता तो राइटटर्नमध्ये लागला, तर काय ओळख कॅन्सल करू?"

"इंटरव्ह्यू दिलास का तिथे?"

हिमानीने लांब हायवेकडे पाहिलं.

"दिला," ती म्हणाली. "ग्लेन वर्षभर म्हणतोय, ग्रीन कार्डचं सुरू करू, सुरू करू. लग्न करून मी ऋषीला इथे आणलं, तो घरात वेडा व्हायची वेळ आलीय, काका. डिपेंडंट व्हिसावर त्याला जॉब करता येत नाही, म्हणून तो ब्रेड करतो. रोज. फ्रीझरमध्ये आता बर्फाला जागा नाही. मी काय करायला हवं होतं?"

श्रीरंगने खिशातली ॲसिडिटीची गोळी तोंडात टाकली. "वेदर्बी लेनबद्दल यतीनशी बोललीस?"

"मी? उलट..." ती थांबली.

"उलट काय?"

"काही नाही."

"हिमानी, शुक्रवारी हे सगळं वकिलासमोर जाणार आहे. उलट काय?"

"उलट त्यानेच मला विचारलं. मध्येच. 'तुमच्या नकाशात वेदर्बी लेन आहे का गं?' माझ्या हातातला चमचा पडला. मी म्हटलं, सांबार आणू का अजून, आणि विषय बदलला." तिचे डोळे भरले होते. "त्याला ते नाव कुठून कळलं, काका? मी देवाशपथ सांगते, माझ्याकडून नाही. पण हे मी कुणाला सांगितलं तर माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?"



३

मंगळवारी श्रीरंगने विक्री विभागात कुशला गाठलं. इथेच, एडिसनमध्ये जन्मलेला, हसरा, मराठी समजायची सगळी, यायची सोयीपुरती.

"लुक, श्रीरंग काका, मी जे पाहिलं ते सांगितलं. ग्लेनने विचारलं, हू डू वी नो ॲट राइटटर्न? मी म्हटलं, हिमानीचा फ्रेंड आहे. आय डिडंट मीन की तिला घरी पाठवा!"

"तू गिऱ्हाइकांना सॅम्पल डिस्क देतोस. त्यात तो भाग असतो?"

"नो वे. डेमोमध्ये ओन्ली मॅनहॅटन. न्यू जर्सी कुणी विकत घेत नाही काका, न्यू जर्सीवालेपण नाही."

"नक्की?"

"चेक करा ना." त्याने डिस्क पुढे सरकवली. श्रीरंगने ती तपासली. खरोखरच मॅनहॅटनच्या पलीकडे नदी होती आणि नदीपलीकडे पांढरा पडदा. जुन्या नकाशांत तिथे निदान एखादा राक्षस तरी असायचा.

कुशच्या टेबलावर राइटटर्नचं ते यंत्र होतं. ग्लेनने पुरावा म्हणून गाडीतून उचकटून आणलेलं. त्याने ते चालू केलं.

"बट काका, तुम्ही ती पाहिली का? वेदर्बी लेन? मला तर ती वियर्ड वाटते. मोहनकाकांची किती छान असते, अशी वळणवाली. ही बघा. रूलरने मारल्यासारखी."

श्रीरंगने चष्मा कपाळावर ढकलला आणि यंत्र डोळ्यांशी नेलं. कालपासून सगळे 'गल्ली चोरली' म्हणत होते आणि चोरलेली गल्ली कुणी पाहिलीच नव्हती. त्याने दोन्ही नकाशे एकाच मापात छापून घेतले आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवले.

मूळ गल्ली अशी: उत्तर-दक्षिण जाणारा काउंटीचा मोठा रस्ता, त्याच्या एका फाट्यावरून पूर्वेकडे निघालेली, किंचित वळण घेऊन रानातच विरलेली. पलीकडे बऱ्याच अंतरावर तळं.

राइटटर्नची गल्ली सरळसोट होती. ती रानात विरत नव्हती. जवळजवळ तळ्याला जाऊन भिडत होती. आणि तिची सुरुवात फाट्यावर नव्हतीच. ती रस्त्याच्या पलीकडे, पश्चिमेच्या एका घराच्या अंगणात सुरू होऊन रस्ता ओलांडत होती.

चोर वस्तू उचलतो, हे श्रीरंगला समजत होतं. पण उचललेली वस्तू सरळ करून, वाढवून आणि बाजूला सरकवून ठेवणारा चोर त्याने कधी ऐकला नव्हता.

४

"मोहनकाकांचा फोन होता," बुधवारी सकाळी चहा पुढ्यात ठेवत श्रीरंगची बायको विनीता म्हणाली. "कोजागिरीला दूध आपल्याकडे आटवायचं का विचारत होते. मी हो म्हटलं."

श्रीरंग कागदावर रेघा मारत होता.

"तू काही येणार नाहीस म्हणा. तू मंडळाच्या कशाला येतोस? दोन वर्षं विसर्जनाला नाहीस. आता तर म्हणे कुणी वाट चुकतही नाही. नाहीतर त्याआधी आठवतं ना? अर्धी मंडळी रानात गाड्या फिरवत होती आणि इकडे आरती आटोपली. मंडळातली शुभा तर प्रसादाचं पातेलं मांडीवर घेऊन तशीच घरी परत गेली."

"पस्तीस," श्रीरंग म्हणाला.

"काय पस्तीस?"

"मीटर. पश्चिमेला. अगदी किंचित दक्षिणेला."

विनीता त्याच्या कपाळाला हात लावून बघून गेली.

पस्तीस मीटर म्हणजे काय ते श्रीरंगला माहीत होतं. त्यानेच नव्या माणसांना ते दर वर्षी शिकवलं होतं. अक्षांश-रेखांश हा पत्ता खरा, पण मोजायला सुरुवात कुठून करायची हे आधी ठरवावं लागतं. अमेरिकेने १९२७ साली ती सुरुवात कॅन्ससमधल्या एका कुरणात ठेवली. तिथे गवतात काशाची एक चकती आहे, आणि साऱ्या खंडाचे नकाशे तिच्यापासून मोजलेले. पुढे उपग्रह आले, मोजणी पृथ्वीच्या पोटातल्या मध्यबिंदूपासून सुरू झाली आणि सगळे आकडे थोडेथोडे बदलले. जुने आकडे नव्या नकाशावर तसेच बसवले, तर न्यू जर्सीत वस्तू पस्तीस-एक मीटर पश्चिमेला जाऊन बसते.

म्हणजे राइटटर्नकडे गेलेले आकडे जुन्या मोजणीतले होते.

कंपनीचा सगळा डेटाबेस केव्हाच नव्या मोजणीवर आला होता. हिमानीने आयुष्यात जुन्या मोजणीत काम केलं नव्हतं. तिने फाइल चोरून दिली असती, तर गल्ली जागच्या जागी उतरली असती. श्रीरंगला एकदम हलकं वाटलं. हिमानी सुटली!

मग जुनी मोजणी इमारतीत कुठे शिल्लक आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि चहाबरोबर त्याने गोळीही घेतली. ती एकाच खोलीत शिल्लक होती. कागदी नकाशांच्या. मोहनकाकांच्या.

५

मोहनकाका गिरगावातून १९६९ साली आले तेव्हा नकाशे शाईने काढत. आता कागदी नकाशे जवळपास कुणी घेत नव्हतं, तरी ग्लेनने त्यांना एक खोली, एक प्रकाशाचं टेबल आणि खोटे रस्ते काढायचं काम दिलं होतं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. मंडळाचा सेक्रेटरी, दर शनिवारी डोंगरात पायी भटकणारा. खिडकीत त्यांची काठी होती, शेजारी चिखल वाळलेलं पिवळं जीपीएस यंत्र.

"ये रे. लाडू घे, घरचेच आहेत."

"मोहनकाका, एक विचारू? नव्या मोजणीवर तुमचा राग का?"

"राग नाही. पण मला सांग, लॉबीतल्या त्या जुन्या नकाशात जग कुठून सुरू होतं? जेरुसलेमपासून. चूक असेल, पण तिथे जाता येतं! आमच्या वेळी कॅन्ससपासून. तिथे मी गेलोय, चकतीवर हात ठेवून फोटो काढलाय. शुभा म्हणाली, नवस होता का? आणि आता म्हणे मध्य पृथ्वीच्या पोटात. तिथे कोण जाणार? आपला कुश?"

श्रीरंग हसला नाही. "वेदर्बी लेन बाहेर गेली, माहीत आहे ना?"

"ग्लेन ओरडत होता. म्हणजे सापळा लागला की. चांगलंच आहे."

"ती जुन्या मोजणीत गेली, काका. कागदावरून."

मोहनकाकांनी लाडवाचा डबा बंद केला.

"कागद माझ्याकडेच असतात," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे तू मला विचारायला आलायस."

"मला हिमानीला वाचवायचंय," श्रीरंग म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हे वाक्य मोहनकाकांना किती वाईट ऐकू गेलं असेल.

मोहनकाका उठले. खालच्या खणातून त्यांनी काउंटीचा शेवटचा छापील ॲटलस काढला, पान उलगडलं आणि दिवा लावला. फाटा होता. रान होतं. तळं होतं. मध्ये काहीच नव्हतं.

"हा नव्व्याण्णवचा. यानंतर कागदावर काही छापलं नाही. वेदर्बी लेन मी गेल्या वर्षी वसंतात काढली, थेट संगणकावर, हिमानीच्या शेजारी बसून. ती कुठल्याही कागदावर कधी आलेलीच नाही, श्रीरंग."

श्रीरंगने पान पालथं करूनही पाहिलं. संगणकातून गेली असती तर सरकली नसती. कागदावरून गेली असती तर आधी कागदावर असायला हवी होती. दोन्ही दारं बंद होती, आणि गल्ली बाहेर होती.

आणि गुरुवार उजाडायला फक्त एक झोप बाकी होती, जी त्याला लागली नाही.

६

गुरुवारी दुपारी ग्लेनने विचारलं, "नाव?"

"उद्या," श्रीरंग म्हणाला आणि गाडी काढली.

सिग्नलला लाल दिवा होता. समोर रस्त्यावर पांढरी सरळ पट्टी. श्रीरंग तिच्याकडे बघत बसला. पट्टी मारायला काय लागतं? दोन टोकं. वळण काढायला मधले पुष्कळ बिंदू लागतात; ज्याच्याकडे दोनच बिंदू आहेत, त्याची गल्ली सरळच होणार!

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

म्हणजे राइटटर्नला मुळात गल्ली मिळालीच नव्हती. मिळाले होते दोन आकडे, जुन्या मोजणीतले, आणि एक नाव. ती रेघ उचलून पस्तीस मीटर पूर्वेला ठेवली तर डोकं बरोबर फाट्यावर येतं. आणि दुसरं टोक? दुसरं टोक अगदी पाण्याच्या काठाला. पेंब्रिजच्या नकाशात तळ्यापर्यंत काहीच जात नव्हतं, म्हणजे ते टोक नकाशातून आलेलं नाही. कुणीतरी तिथे स्वतः उभं राहिलं होतं, हातात जुन्या मोजणीवर लावलेलं यंत्र धरून.

रानातल्या तळ्याच्या काठावर जाऊन उभं राहायचं काम कुणाला पडतं?

चिखल वाळलेलं पिवळं यंत्र. मांडीवर पातेलं घेऊन परत गेलेली शुभा. आता तर म्हणे कुणी वाट चुकतही नाही.

श्रीरंगने गाडी हायवेवरून खाली घेतली.

फाट्यावर घोड्यांच्या तबेल्याचं कुंपण होतं आणि कुंपणालगत एक गवताळ गाडीवाट पूर्वेकडे रानात शिरत होती. पहिल्याच ओकच्या झाडाला एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर केशरी रंगात, सरकारी पाटीच्या वळणाने, इंग्रजीत लिहिलं होतं: वेदर्बी लेन. खाली तळ्याच्या दिशेने बाण. आणि बाणाखाली देवनागरीत: मोरया.

 श्रीरंगने हिमानीकडून नंबर घेतला आणि यतीनला फोन लावला.

"वेदर्बी लेन?" यतीन म्हणाला. "हो, मीच ॲड केली. का काका, काही प्रॉब्लेम झाला का? गेल्या वर्षी विसर्जनाला आलो होतो ना. मोहनकाकांची मंडळाला इ-मेल होती, वेदर्बी लेनवर वळा, सुरुवात इथे, तळं इथे, दोन्हीचे आकडे दिलेले. आमच्या मॅपमध्ये तो रोडच नव्हता यार! आमच्याच मॅपमध्ये! मला लाज वाटली. मी मिसिंग रोड म्हणून टाकला. शेवटी मी पाटी स्वतः पाहिली होती."

"हिमानीला विचारलंस ते?"

"तुमच्याकडे आहे का एवढंच विचारलं. तिने इतकं सांबार वाढलं की मी परत विचारलं नाही."

मंडळाच्या इ-मेल न वाचताच पुसणाऱ्या श्रीरंगने फोन ठेवला. हिमानी सुटली होती, या खेपेला खरोखर. तिच्या जागी त्याला उद्या मोहनकाकांना उभं करायचं होतं.

७

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत पाचजण होते आणि टेबलाच्या मधोमध वकिलासाठी स्पीकरचा फोन. हिमानी दाराजवळच्या खुर्चीत होती. तिने कोट काढला नव्हता.

सकाळी श्रीरंगने मोहनकाकांना त्यांच्या खोलीत गाठून सगळं सांगितलं होतं.  त्यांनी यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन १९२७ हा आकडा त्याला दाखवला होता. माझं यंत्र माझ्या कागदाशी जुळायला नको का, एवढंच म्हणाले होते.

श्रीरंगने दोन्ही नकाशे काचेला लावले आणि सरळपणा, लांबी, पस्तीस मीटर सगळं क्रमाने सांगितलं.  "कुणी फाइल दिलेली नाही. हिमानीने तर नाहीच. राइटटर्नने आपला नकाशा पाहिलेलासुद्धा नाही. त्यांच्या माणसाने रस्त्यावर एक पाटी पाहिली आणि नोंदवली."

"पाटी?" ग्लेन म्हणाला. "नसलेल्या रस्त्यावर पाटी कोण लावील?"

 श्रीरंगला नाव घ्यायचं होतं ते एकच अक्षर होतं आणि ते बाहेर पडत नव्हतं.

"मी," मोहनकाका म्हणाले.

"मो?"

"गणपती पाण्यात सोडावा लागतो, ग्लेन. पूर्वी आम्ही सरळ मोठ्या जलाशयावर जायचो. दोन हजार एकच्या हल्ल्यांनंतर पहिल्यांदा गेलो, दीड दिवसाच्या गणपतीला. तीस सावळी माणसं ढोल वाजवत गावाच्या पिण्याच्या पाण्यात काहीतरी सोडतायत, असा कुणी फोन केला. पोलिसांच्या चार गाड्या आल्या. मंडळातल्या अनिलने मूर्ती डोक्यावर धरलेली, त्याला म्हणतात, ती वस्तू सावकाश खाली ठेव." मोहनकाकांनी हात डोक्यावर धरून दाखवले. "तबेलावाला ओळखीचा. तो म्हणाला, माझं तळं वापरा. पण रानातल्या तळ्याला पत्ता नसतो. त्याच वर्षी अनंत चतुर्दशीला निम्मे लोक हरवले. हरवले की गाड्या थांबवून घरांची दारं वाजवतात. मला त्याची धास्ती. परत चार गाड्या आल्या तर? तर मी म्हटलं, तिथे मी काढलेली एक गल्ली आहेच. नाव चांगलं आहे. कुणी वापरत नाही."

"कारण ती खोटी आहे!"

"नकाशात होती," मोहनकाका म्हणाले.

कुश खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडे वळला. ग्लेनचा चेहरा लाल झाला होता. त्याने फोनकडे बोट केलं.

"हे ऐकलंत ना? माझ्याच माणसाने माझा सापळा झाडाला टांगला. आता मी राइटटर्नवर दावा लावायचा कसा? आणि याला कुणीतरी जबाबदार धरलं पाहिजे. मोला, हिमानीला, कुणालातरी. तिचा तो मित्र मधे आहेच."

हिमानीने कोटाचं वरचं बटण लावलं. श्रीरंगला ते दिसलं आणि तो उभा राहिला. उभं राहून काय म्हणायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ग्लेन," फोनमधून वकिलांचा आवाज आला. मागे कुठेतरी समुद्रपक्षी ओरडत होते. परतणं लांबलेलं दिसत होतं. "पाटी कुणी लावली याने काहीच फरक पडत नाही. त्यांनी तुमच्या नकाशावरून ती गल्ली शाईने छापून घेतली असती, तरी तुम्ही तिच्या जोरावर दावा जिंकला नसता."

"म्हणजे?"

"वस्तुस्थितीवर कॉपीराइट नसतो. आणि खोटा रस्ता तुम्ही खरा म्हणून छापलात, की कोर्ट त्याला वस्तुस्थितीच धरतं. तसा निकाल आहे."

"कधीचा?"

"१९९२."

म्हणजे बारा वर्षं कंपनीचे सगळे सापळे फुकट गेले होते.  ग्लेनने कोपऱ्यातली फाइल ओढली, पेन शोधलं, व्हिसाच्या कागदांवर तीन ठिकाणी सह्या केल्या आणि फाइल टेबलावरून दाराकडे सरकवली.

१९९२ साली हिमानी पुण्याला नववीत होती.